व्हॅनवर बांधलेली मोटरहोम आणि खान्देशातले रस्ते: बसणाऱ्याची कंबर, चालवणाऱ्याचे हात

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भुसावळहून लिहितोय. आम्ही घरच्यांनी मिळून एक तयार मोटरहोम घेतली आहे, सेकंडहँड. मूळ गाडी १३ आसनी प्रवासी व्हॅन. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) ३३५० मिमी, रिअर व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना), पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग). आत दोन पलंग, छोटा ओटा, मागच्या टोकाला संडास-बाथरूम, त्याच्याखाली १०० लिटरची पाण्याची टाकी, डिकीत इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या ॲसिडच्या बॅटऱ्या, छतावर एसी. आतलं सुतारकाम फार सुंदर झालंय, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

मला बोलायचंय ते चालवण्याबद्दल. धुळे-जळगाव-मुक्ताईनगर या पट्ट्यात ती कशी चालते ते सांगतो. सरळ, नव्या काँक्रीटवर छान. गावाकडच्या डांबरी रस्त्याला लागलो की पुढचं तोंड वरखाली व्हायला लागतं. खड्ड्यांचे दणके वेगळे, हे लाटेवर बसल्यासारखं वाटतं. साठच्या पुढे स्टेअरिंग हातात हलकं पडतं. समोरून कंटेनर गेला की गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते, आणि दोन्ही वेळा मला सावरून घ्यावं लागतं.

आणि मुख्य म्हणजे आई. तिला मणक्याचा जुना त्रास आहे. तिच्यासाठीच ही गाडी घेतली, हवं तेव्हा आडवं होता यावं म्हणून. ती मागच्या पलंगाशेजारच्या सीटवर बसते आणि तासाभरात तिचं अंग आंबून जातं.

गावातल्या एका गॅरेजवाल्याने मागे एक पाटा वाढवायला सांगितलं. दुसरा म्हणतो एअर बेलोज (पाट्यांना मदत करणारे हवेचे फुगे) बसवा. तिसरा म्हणतो टायर बदला. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण आधी काय करावं हे जाणकारांनी सांगावं. डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा, मग तोरणमाळ आणि पाल असं मनात आहे.

कन्नडघाट

तापीकाठ भाऊ, गाडी डुलस ते पाटानं काम नही, शॉकअपनं काम शे. पहिले शॉकअप देखा.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. मी चाळीसगावचा, टुरिस्ट व्हॅनवर ड्रायव्हर आहे. पाटा वजन झेलतो, शॉकअप हालचाल थांबवतो. तुमची गाडी एका लाटेनंतर दोन-तीनदा डोलत असेल तर शॉकअप गेले समजा. पुढच्या शॉकअपला तेल लागलंय का, रबर बुश फाटलेत का, एवढं खाली वाकून पाहा. पाटा वाढवायचं मात्र एवढ्यात मनातसुद्धा आणू नका.

शहादेकर

तोरणमाळला जायचं असेल तर सातपायरी घाट डोळ्यासमोर ठेवूनच गाडी तयार करा. वर साधारण ११५० मीटर उंची आहे आणि शेवटची वळणं एकावर एक आहेत. मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांपलीकडे लटकणारा भाग) लांब असलेल्या गाडीचं शेपूट वळणावर बाहेर फिरतं, ते दरीकडे किती जातं आणि कठड्याला घासतं का, याचा अंदाज सपाटीवरच घ्या.

पाटेवाला_धुळे

आमचं पाट्यांचंच काम आहे, आग्रा रोडला. ट्रक, टेम्पो, स्कूलबस, सगळं येतं. हल्ली मोटरहोमही येऊ लागल्यात, आणि बहुतेकांचं म्हणणं तुमच्यासारखंच असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रवासी व्हॅनचे पाटे कंपनीने पूर्ण प्रवासी आणि सामान धरून बसवलेले असतात. त्या वजनाला ते बरोबर लवतात. निम्मी रिकामी व्हॅन दणके देते, कारण पाट्याला लवायला पुरेसं वजनच मिळत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक पानांच्या पाट्यांत पानं एकमेकांवर घासतात. लहान खड्ड्याला ते घर्षणच सुटत नाही, आणि सगळा दणका बॉडीला जातो. पॅराबोलिक पाट्यांत पानं फक्त मध्ये आणि टोकाला टेकतात, म्हणून ते मऊ वाटतात.

आता मोटरहोमचा फायदा असा की तिचं वजन रोज बदलत नाही. पलंग, ओटा, टाकी हे सगळं कायम तिथेच असतं. म्हणजे पाटे एकदाच नीट जुळवता येतात. हा फायदा कोणी घेतच नाही! आधी पान वाढवतात. पान वाढवलं की मागची उंची येते, मालक खूश होतो. पण सस्पेन्शन तेवढंच कडक झालं, आणि ते सगळं मागच्या सीटवरच्या माणसाला लागतं. तुमच्या आईंना तर सगळ्यात आधी.

म्हणून कोणालाही काही लावायला सांगण्याआधी काट्यावर जा. एकूण वजन घेऊन परत येऊ नका. फक्त पुढची चाकं काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची चाकं, अशी तिन्ही वजनं घ्या. टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, सिलिंडर आत आणि रोज जेवढी माणसं बसतात तेवढी आत. जिनिंगवर, केळीच्या गाड्या जिथे भरतात तिथे, हायवेला, काटा कुठेही मिळेल. हे आकडे इथे टाका, मग बोलू.

तापीकाठ

@कन्नडघाट भाऊ, पाहतो. @पाटेवाला_धुळे, धन्यवाद. काट्यावर जायचं कोणीच सुचवलं नव्हतं. रविवारी जातो.

ऱ्हाईन_ते_रावेर

मूळचा रावेरचा, सध्या जर्मनीत. इथे मोटरहोम भाड्याने घेऊन फिरतो, म्हणून दोन शब्द.

युरोपात सर्वांत जास्त मोटरहोम फियाट ड्युकाटोवर बांधल्या जातात, आणि तिचीच भावंडं प्यूजो बॉक्सर व सित्रोएन जम्पर यांवर. त्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट नसल्यामुळे मजला खाली ठेवता येतो आणि सगळ्या वजनाचा मध्यही खाली येतो. अनेक बांधणारे तर ड्रायव्हरच्या केबिनमागची मूळ चासी कापून तिथे अल-को कंपनीची खालच्या पातळीची चासी जोडतात. तिचा मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) रुंद असतो आणि मागे पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) असतात. चालवताना फरक चटकन कळतो, वळणावर गाडी कमी कलते.

मर्सिडीज स्प्रिंटर हा दुसरा मोठा पाया. ती वर्षानुवर्षं रिअर व्हील ड्राइव्ह होती, २०१८ च्या पिढीपासून फ्रंट व्हील ड्राइव्हचाही पर्याय आला. तिच्यात २०१३ पासून आडव्या वाऱ्यासाठी वेगळी यंत्रणा मिळते. ताशी ८० किमीच्या पुढे वाऱ्याचा झोत आला की ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) स्वतःहून ठरावीक चाकांना हलका ब्रेक लावून गाडी रेषेत ठेवते.

इथे वजनाचा धाक फार आहे. साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतच गाडी चालवता येते, त्यामुळे लोक चमच्यांपासून वजन मोजतात. त्या सवयीमुळे गाड्या चांगल्या चालतात असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्याकडे उलट होतं. घरातलं फर्निचर करणाऱ्या कारागिराकडूनच आतलं काम करून घेतात आणि १८ मिमीच्या प्लायने सगळं भरून टाकतात. ८ बाय ४ ची तशी एक शीट तीसेक किलोची असते. किती शीटा लागल्या ते विचारा म्हणजे अंदाज येईल.

मला विचाराल तर पुढच्या वेळी फ्रंट व्हील ड्राइव्ह पायाच घ्या. आपल्याकडे टाटा विंगर तशी आहे.

कन्नडघाट

@ऱ्हाईन_ते_रावेर दादा, तुमचं खालच्या मजल्याचं पटलं. फ्रंट व्हील ड्राइव्हचं नाही पटलं.

मोटरहोमचं वजन मागे असतं. चढावर वजन आणखी मागे सरकतं. मग पुढच्या चाकांवर उरतं काय? पावसाळ्यात कन्नड घाटात वळणावर गाडी थांबवून परत उचलायची वेळ आली, तर मला मागची चाकं ढकलणारी गाडी हवी. पालला जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यावर किंवा नदीकाठी ओल्या गवतावर उभी केली तरी तेच.

ऱ्हाईन_ते_रावेर

ओल्या गवताचं मान्य आहे. इथेही कॅम्पिंगच्या मैदानातून फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागतात. पण तुम्ही वर्षाचे किती दिवस ओल्या गवतावर असता आणि किती दिवस हायवेवर? हायवेवर खालच्या मजल्याची गाडी कमी दमवते. यावर आपलं एकमत होणार नाही, आणि ते ठीक आहे.

मोजपट्टी

मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळे थोडा हिशेब मांडतो. धागाकर्त्यांची टाकी मागच्या टोकाला आहे, हे वाचल्याबरोबर लक्ष तिकडे गेलं.

मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे ठेवलेलं वजन मागच्या चाकांवर पडतंच, शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन उचलतंही. टाकी मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आहे असं धरू. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १०० गुणिले १.२ भागिले ३.३५, उत्तर साधारण ३६. म्हणजे पुढून ३६ किलो गेले आणि मागच्या ॲक्सलवर १३६ आले. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरही तिथेच आहेत. मागे सायकलींचा स्टँड किंवा जनरेटर लावला असेल तर त्याचं ॲक्सलपासूनचं अंतर आणखी जास्त.

स्टेअरिंग हलकं का पडतं याचं उत्तर बहुधा इथेच आहे. ट्रकच्या वाऱ्याचंही हेच कारण. उंच चपट्या बाजूवर वारा ज्या बिंदूपाशी लागतो तो गाडीच्या वजनाच्या मध्याच्या पुढे असेल, तर वारा नाक फिरवतो. वजनाचा मध्य जितका मागे, तितकं ते अंतर जास्त आणि नाक तितकं जास्त फिरणार. वजन पुढे आणलं की बाजू तेवढीच राहते, पण गाडी वाऱ्याला कमी भुलते.

आता लाटा. तापीच्या खोऱ्यातली काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा बसतो. म्हणून आपल्याकडे खड्डा नसलेला रस्ताही लाटांचा असतो. समजा दोन उंचवट्यांमध्ये १२ मीटर अंतर आहे. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ हिसके. पाट्यांवरच्या अशा गाडीची स्वतःची डोलण्याची गती बहुधा सेकंदाला १ ते २ च्या मधेच कुठेतरी असते. दोन्ही जुळले की डोल वाढतच जातो. अशा वेळी वेग ताशी ४५ वर आणा, हिसके सेकंदाला एकच्या आसपास येतात आणि बहुतेकदा गाडी शांत होते. शॉकअप गेलेले असतील तर मात्र कुठल्याच वेगाला शांत होणार नाही. तिथे कन्नडघाट यांचं बरोबर आहे.

सावद्याची_लेक

मी गाडी चालवत नाही, पण आमच्याकडे अशीच गाडी आहे आणि मी मागे बसून सगळं भोगलंय. म्हणून काकूंसाठी लिहिते.

मागच्या चाकावरची आणि त्याच्या मागची जागा बसायला सगळ्यात वाईट. लाट आली की गाडी मध्याभोवती डोलते. मधला माणूस थोडा हलतो, टोकाचा उडतो. काकूंना दोन चाकांच्या मधोमध बसवा, तोंड पुढे करून, पट्टा लावून. आडव्या बाकावर चालत्या गाडीत मुळीच नको. ब्रेक लागला की कंबर पिळली जाते, आणि अपघातात तर तो बाक काहीच वाचवत नाही. पलंगावर आडवं होणं गाडी उभी असतानाच.

पुढची फिरती खुर्ची असेल तर पाहा, फिरवण्याच्या चकतीमुळे सीट उंच होते आणि बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहतात. पाय लोंबकळले की सगळा भार मांडीखाली आणि कमरेवर येतो. पायाखाली पक्कं बसवलेलं पायठाण करून घ्या, सुटं ठेवू नका, ते पेडलखाली सरकेल.

आणि आवाज! त्याबद्दल कोणी लिहीत नाही. कपाटाची दारं, गॅसच्या शेगडीची जाळी, ताटं यांचा खडखड तासन्तास ऐकून डोकं दुखतं, मग अंगही जास्त दुखतं असं वाटतं. शेगडीची जाळी निघताना काढून कापडात गुंडाळते मी. कपाटांना चुंबकाऐवजी दाबून बंद होणारी लॅच बसवली. प्रवास निम्मा हलका झाला.

मोजपट्टी

@सावद्याची_लेक, तुम्ही लिहिलंय त्याला मोजमापांचा आधार आहे. बसलेल्या माणसाला वरखाली होणारे सेकंदाला ४ ते ८ कंपनांचे हादरे सर्वांत जास्त बोचतात, मणक्याला तेच लागतात. सेकंदाला अर्ध्यापेक्षा कमी वेगाच्या डोलण्याने मळमळतं. या दोन्हींचा विचार करणारं आयएसओ २६३१ नावाचं मानक आहे. कडक पाट्यांनी पहिला त्रास वाढतो, मेलेल्या शॉकअपने गाडी डोलत राहते. म्हणून पाटा वाढवणं आणि शॉकअप तसेच ठेवणं हे दोन्ही बाजूंनी नुकसानीचं.

फैजपूरकर

मध्येच विचारतो, क्षमस्व. अजून गाडी घेतलेली नाही. नवीन व्हॅन घेऊन बांधायची झाली तर कुठला पाया घ्यावा? फोर्सची ट्रॅव्हलर की अर्बानिया?

पाटेवाला_धुळे

@फैजपूरकर, दोन्हीचा स्वभाव वेगळा. ट्रॅव्हलरला पुढेही पाटे आणि सरळ ॲक्सल. दणकट, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी, पण पुढच्या एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकालाही कळतो. अर्बानियाला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मोनोकॉक बॉडी (वेगळी चासी नाही, बॉडीच सांगाडा), चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ईएसपी. ३३५०, ३६१५ आणि ४४०० मिमी असे तीन व्हीलबेस मिळतात. चालवायला ती कारच्या जास्त जवळ आहे. इंजिन दोन्हींत २.६ लिटर डिझेल, त्यामुळे इंजिनावरून ठरवू नका.

व्हीलबेस लांब घेतला तर गाडी लाटांवर कमी डोलते, आणि एकूण लांबी तेवढीच असेल तर ॲक्सलच्या मागे कमी भाग लटकतो. पण तोरणमाळच्या वळणांना आणि आपल्या गावांतल्या गल्ल्यांना तीच लांबी नडते. मी असतो तर मधला घेतला असता.

मोनोकॉक बॉडीत खिडकीसाठी किंवा छतावरच्या एसीसाठी पत्रा कापताना सांभाळून. तिथे पत्राच सांगाड्याचं काम करतो. उभे खांब आणि छताच्या आडव्या पट्ट्या कापल्या की बॉडी पिळायला लागते, दारं लागेनाशी होतात, काच तडकते.

नियमबिनचूक

कायद्याचं थोडक्यात सांगून जातो, कारण पुढे अडचण येते. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. प्रमाणित बांधणाऱ्याकडून त्यानुसार मंजूर झालेली गाडी घ्या. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, तेही वाचा. आणि एअर बेलोज बसवल्याने किंवा पाटा वाढवल्याने आरसीवरचं मान्य वजन वाढत नाही.

तापीकाठ

काट्यावर जाऊन आलो. पूर्ण भरलेली, आम्ही चौघं आत.

एकूण: ३७४० किलो
पुढे: १२७० किलो
मागे: २४७० किलो

एकूण वजन आरसीवरच्या मर्यादेत आहे. पुढे मात्र ३४ टक्के आणि मागे ६६. कन्नडघाट भाऊंचंही खरं निघालं, पुढच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळत होतं.

पाटेवाला_धुळे

मागे जास्त आहेच, पण ते कमी करता येईल असं आहे. पैसे न घालता होणारं आधी करा.

टाकी मागच्या टोकावरून काढून मागच्या ॲक्सलच्या पुढे, दोन चाकांच्या मध्ये, मजल्यालगत आणा. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर पुढच्या सीटच्या मागच्या बाकाखाली. बॅटऱ्या तिथे बांधताना पट्टी पक्की मारा, आणि ॲसिडच्या असल्यामुळे त्यांची पेटी बंद करून वाफेची नळी बाहेर काढलीच पाहिजे. बसायच्या जागेत तो वायू साठता कामा नये. पुढेमागे लिथियम घेतल्या तर वजन निम्म्याहून कमी होईल, पण तो खर्च वेगळा.

वरच्या कपाटांत डाळ-तांदळाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, लोखंडी कढया असतील तर त्या खाली आणा. वर कपडे, उशा, चादरी. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन वळणं घेतल्यासारखं होतं, वरचं वजन एकदा कललं की परत यायला वेळ लावतं. छतावर एसी आहेच, तिथे आता कॅरियर नको.

पुढचे दोन्ही शॉकअप जोडीने बदला. एकटा उजवा बदलू नका.

तापीकाठ

मोजपट्टी सर, टाकी १.२ मीटर मागून ०.९ मीटर पुढे आणली आणि बॅटऱ्या-इन्व्हर्टर मिळून ११० किलो साधारण ३ मीटर पुढे सरकवले तर किती फरक पडेल?

मोजपट्टी

टाकीचं सरकणं २.१ मीटर. १०० गुणिले २.१ भागिले ३.३५, साधारण ६३ किलो. बॅटऱ्यांचं ११० गुणिले ३ भागिले ३.३५, साधारण ९८. एकूण १६० च्या आसपास किलो मागून पुढे जातील. एक किलोही कमी न करता पुढे १४३० आणि मागे २३१० व्हायला हवं.

टाकी आडवी, लांबट असेल तर आत पडदे आहेत का पाहा. अर्धी भरलेली टाकी ब्रेक लागल्यावर आणि वळणावर पाणी फेकते, तो धक्का गाडी सावरत असतानाच येतो. पडदे नसतील तर घाटात टाकी पूर्ण भरून जा किंवा जवळपास रिकामी ठेवून वर भरा.

कन्नडघाट

आणि घाट उतरायचं लिहून ठेवतो, कारण इतकं वजन घेऊन पहिल्यांदा उतरणारे लोक ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ठरावीक वेळाने जोरात लावा आणि पूर्ण सोडा. हलका पाय ठेवून तापवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि तापलं की त्या पाण्याची वाफ होते, पेडल खाली जातं. दोन वर्षांत बदलाच. इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरायचं तर नावसुद्धा काढू नका, ब्रेकची व्हॅक्यूम मदत जाते.

आणि कोणी मागे लागलं तर बाजूला घेऊन जाऊ द्या. मोटरहोमला घाई शोभत नाही.

तापीकाठ

मंडळी, काम झालं. टाकी आणि बॅटऱ्या हलवल्या, पुढचे शॉकअप नवे, वरची कपाटं हलकी केली. पुन्हा काटा केला: पुढे १४३०, मागे २३१०. मोजपट्टी सरांचा आकडा काट्याने तंतोतंत दाखवला, हे पाहून घरात सगळ्यांना आनंद झाला. बेलोज बसवले नाहीत, पाटाही वाढवला नाही.

यावल-फैजपूर-रावेर रस्त्याने पालपर्यंत जाऊन आलो. स्टेअरिंगला आता वजन आहे, हात सैल ठेवता येतात. लाटांवर गाडी एकदा डोलून थांबते. आईला ताईंनी सांगितलं तसं मधल्या सीटवर बसवलं, पायाखाली लाकडी पायठाण स्क्रूने बसवलं. ती पालला उतरून स्वतः चालत गेली. माझ्यासाठी याहून मोठं काही नाही. @सावद्याची_लेक ताई, तिने तुम्हाला मुद्दाम आशीर्वाद सांगितलेत.

वाऱ्याचा त्रास मात्र पूर्ण गेलेला नाही. साक्रीकडून नंदुरबारला जाताना छडवेलच्या पठारावर आडवा वारा लागला तेव्हा गाडी सरकत होतीच.

शहादेकर

तिथे सरकणारच. ब्राह्मणवेल-छडवेलच्या त्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. सर्वांत वाईट जागा म्हणजे कापलेल्या टेकडीच्या आडोशातून गाडी एकदम मोकळ्यावर येते ती. तिथे यायच्या आधी वेग उतरवा, दोन्ही हात स्टेअरिंगवर, आणि झोत आला की झटका देऊन उलटं फिरवू नका. झोत थांबल्यावर तोच झटका गाडीला दुसऱ्या बाजूला नेतो.

तापीकाठ

लक्षात ठेवतो. शेवटचा प्रश्न टायरचा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो. दुपारी पंपावर हवा तपासली की जास्त दाखवते, मग पंपावरचा मुलगा काढून टाकतो. ते बरोबर आहे का?

पाटेवाला_धुळे

अजिबात काढू देऊ नका. तापलेल्या टायरची हवा काढली की रात्री थंड झाल्यावर ती कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो, फुटतो. ६० पीएसआयच्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण अडीच पीएसआयने चढते, हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. सकाळी निघण्याआधी, गाडी उभीच असताना तपासा. आकडा टायरच्या कडेवरचा घ्यायचा नाही, तो कमाल आहे. कंपनीच्या तक्त्यात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या वजनाप्रमाणे दिलेला घ्या. तुमच्याकडे आता दोन्ही वजनं आहेत. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तरी गाडीचं शेपूट हलतं आणि ते वाऱ्यासारखंच वाटतं, म्हणून छडवेलला परत जाण्याआधी हे करा.

टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मोटरहोम महिनोन्महिने एका जागी उन्हात उभी असते. खाच शिल्लक असली तरी कडेला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला.

एवढं झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्या. जाताना टाकी भरलेली, सिलिंडर जागेवर आणि भांडीकुंडी आतच असू द्या. रिकाम्या गाडीवर केलेली अलाइनमेंट भरलेल्या गाडीला लागू पडत नाही.